शिकारी रायफलींची पारख



कोणतीहि वस्तु विकत घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानांत शिरतांच पहिला प्रश्न विचारतो तो हा कीं, "यांत चांगली छाप कोणती?" घड्याळ असो, शिवणयंत्र असो, कीं विहिरीवरचा पंप असो, प्रश्न ठरलेला. दुकानदारहि त्याला सरावलेला असतो. तो एक नांव सांगतो आणि आपण निश्चिंत होतों. आपल्या या सवयीची परीक्षा घेण्यासाठीं मीं आज असें एक यंत्र निवडलें आहे कीं, जेथें नुसत्या नांवावर विसंबणें फार महागांत पडतें. तें यंत्र म्हणजे शिकारी रायफल. टिकाऊपणा, भरवंसा आणि अचूकपणा या तीन दृष्टींनीं निरनिराळ्या नामांकित रायफली कशा उतरतात, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशांत हौसेखातर वन्य प्राणी मारणें हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध घातले, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें उरलीसुरली मोकळीकहि बहुतेक काढून घेतली. तें योग्यच झालें असें माझें मत आहे. परंतु अमेरिका, कॅनडा, फिन्लंड, ऑस्ट्रिया या देशांत ठराविक हंगामांत, परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या संख्येइतकीच शिकार करण्याची मुभा आहे. तेव्हां आजची हकीकत मुख्यतः तिकडची आहे.

रायफल म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत पाहूं. साध्या छऱ्यांच्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीच्या आंत मात्र पीळ घेत गेलेल्या खाचा असतात. त्या खाचांमुळें गोळी स्वतःभोंवतीं गरगर फिरत बाहेर पडते. आणि फिरता भोंवरा जसा आरीवर ताठ उभा राहतो, तशी ती आपली दिशा सोडीत नाहीं. शिकारी रायफलींत काडतूस आंत लोटण्यासाठीं बहुधा एक पोलादी दांडा असतो. त्याला बोल्ट म्हणतात. दाराचा अडसर सरकवून पक्का बसवावा, तसा हा दांडा पुढें लोटून हातानें फिरविला कीं नळीचें मागील तोंड बंद होतें. बार उडाल्यावर तो उलट फिरवून मागें ओढावयाचा, म्हणजे रिकामें काडतूस बाहेर पडतें. आणि पुन्हां पुढें लोटला कीं पेटींतलें दुसरें काडतूस आंत जातें. एवढीच ही करामत. पण ती दरवेळीं बिनचूक घडली पाहिजे, आणि खरी मेख तेथेंच आहे.

आतां ते तीन गुण. एकाच ठिकाणीं नेम धरून झाडलेल्या गोळ्या एकमेकींच्या किती जवळ बसतात, यावरून अचूकपणा ठरतो. चाप ओढल्यावर प्रत्येक वेळीं बार उडणें, आणि चाप न ओढतां तो कधींहि न उडणें, याला भरवंसा म्हणावयाचें. हे दोन्ही गुण किती वर्षें टिकून राहतात, तो टिकाऊपणा. लोक हे तिन्ही गुण एकाच "चांगली" या शब्दांत कोंबतात. वर्गांत एक मुलगा हुशार असतो, दुसरा नियमित असतो, तिसरा चिवट असतो; तिघांनाहि आपण "चांगला मुलगा" म्हणतों, पण जो हुशार तो नियमित असतोच असें नाहीं. रायफलींचेंहि तसेंच आहे. इतकेंच नव्हे, तर हे गुण कित्येकदां एकमेकांच्या आड येतात. काडतुसाचें घर अगदीं घट्ट कांतलें तर अचूकपणा वाढतो, पण वाळूचा कण किंवा चिखलाचा थेंब आंत गेला कीं तेंच घर काडतूस अडकवितें. घर थोडें सैल ठेवलें तर घाण चालून जाते, पण नेमांत थोडें उणें येतें.

अचूकपणा मोजण्याची रीत भूमितीची आहे. वर्तुळाचे ३६० अंश आणि एका अंशाच्या ६० कला. एक कला म्हणजे अगदीं बारीक कोन. पण १०० वारांवर त्या कोनाच्या दोन बाजूंमधील अंतर १.०४७ इंच, म्हणजे जवळजवळ एक इंच, होतें. १०० वारांवर ज्या रायफलीच्या गोळ्या एका इंचाच्या आंत बसतात, ती "एका कलेची" रायफल. आजचे बरेच कारखाने याच मापानें आपल्या मालाची हमी देतात.

हें माप वाचतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, कारखान्याची हमी बहुधा तीन गोळ्यांवर दिलेली असते. तीन प्रश्न विचारून वर्गांतल्या मुलाचा वर्षाचा निकाल लावणारा मास्तर आणि तीन गोळ्यांवरून रायफल जोखणारा गिऱ्हाईक, हे दोघे सारखेच. तीन गोळ्या योगायोगानें जवळ बसूं शकतात. दहा गोळ्यांत योगायोगाला फारसा वाव उरत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हरणाच्या छातीचा जो भाग लागला असतां तें तात्काळ पडतें, तो सुमारें आठ इंच व्यासाचा असतो. म्हणजे १०० वारांवर दोन इंचांत गोळ्या बसविणारी साधी रायफलहि त्या कामाला पुरून उरते. नेम चुकतो तो बहुधा माणसाच्या धापेमुळें, थंडीनें कांपणाऱ्या बोटामुळें, किंवा अंतराचा अंदाज चुकल्यामुळें. आणि तो चुकला तर भोग त्या मुक्या जनावराच्या वांट्याला येतात. पोटांत गोळी घेऊन तें झाडींत शिरतें आणि तासन् तास तडफडून मरतें. म्हणून अर्ध्या इंचाच्या फरकासाठीं दुप्पट पैसे मोजण्यापूर्वीं, आपला हात किती इंचांचा आहे, हें शिकाऱ्यानें विचारावें.

आतां नांवांकडे वळूं. बोल्टच्या रायफलींच्या कुळाचा मूळपुरुष म्हणून जर्मनींतील ओबर्नडोर्फ गांवच्या पाउल माउझर याचें नांव घ्यावें लागतें. त्याची १८९८ ची रायफल जर्मन सैन्यानें स्वीकारली, आणि शिकारी रायफलींवर तिची छाया आजतागायत आहे. तिच्यांत दोन विशेष होते. एक म्हणजे बोल्टच्या बाजूला बसविलेला लांब, रुंद पोलादी आकडा. काडतूस पेटींतून वर येतांच हा आकडा त्याच्या बुडाची कड पकडतो आणि तें बाहेर फेंकलें जाईपर्यंत सोडीत नाहीं. घाबरलेल्या माणसानें बोल्ट अर्धाच पुढें लोटून पुन्हां मागें ओढला, तरी तें काडतूस आकड्याबरोबर मागें येतें. जेथें असा आकडा नसतो, तेथें पहिलें काडतूस नळींतच राहतें आणि दुसरें त्याच्या मागें जाऊन अडकतें. समोर सिंह किंवा रानरेडा असतां या फरकाचा अर्थ काय होतो, हें सांगावयास नको. दुसरा विशेष सुरक्षिततेचा. बोल्ट अडविणारे दोन दांते पुढें होतेच. माउझरनें मागें तिसरा ठेवला, आणि काडतूस फुटलेंच तर तापलेला वायु शिकाऱ्याच्या तोंडावर न येतां बाजूला निघून जावा म्हणून छिद्रें ठेवलीं. पुढें १९०१ सालीं एका स्वयंचलित रायफलीची चाचणी घेतांना अपघात होऊन या माउझरला स्वतःचा डावा डोळा गमवावा लागला. असल्या सोयी कशासाठीं असतात, हें त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

माउझरचें नांव आपल्या देशाच्या इतिहासांतहि एका वळणानें आलें आहे. १९०७ सालीं जिम कॉर्बेट यांनीं कुमाऊंतील चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिनें नेपाळांत व कुमाऊंत मिळून ४३६ माणसें मारल्याची नोंद कॉर्बेट यांनीं केली आहे. त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनीं त्यांना एक रायफल बक्षीस दिली. तिच्यावर लंडनच्या रिग्बी कंपनीचें नांव होतें. परंतु तिचा बोल्ट आणि मुख्य अंग माउझरच्या रचनेचें होतें, आणि जिला रिग्बी ".२७५" म्हणत, तें काडतूस मूळचें जर्मन सात मिलिमीटरचें होतें. लंडनच्या कारागिरांनीं तिला नळी, दस्ता आणि अखेरचा हात दिला. मग ही रायफल कोणत्या छापेची म्हणावयाची? ती शंभरांहून अधिक वर्षांनंतरहि सुस्थितींत असून, अलीकडे पुन्हां रिग्बी कंपनीच्या ताब्यांत गेली आहे. टिकाऊपणाचा याहून चांगला दाखला क्वचितच मिळेल. पण त्याचें श्रेय एका नांवाला देतां येत नाहीं.

ऑस्ट्रियांतील श्टायर येथें निघालेली मानलिखर-शोनाउअर ही १९०३ ची रायफल माउझरच्या तोडीची मानली जाई. तिच्या पेटींत काडतुसें एका फिरत्या रिळाभोंवतीं ओळीनें बसत, आणि बोल्ट इतका सुळसुळीत चाले कीं, नुसता अनुभव घेण्यासाठीं लोक तो मागें-पुढें करून पाहात. पण असें रिळ बसविण्यास कुशल हात आणि भरपूर वेळ लागे. मजुरी वाढली तशी ही रायफल परवडेनाशी झाली, आणि १९७० नंतर थोड्याच वर्षांत तिचें उत्पादन थांबलें. उत्तम वस्तु बाजारांतून जाते ती नेहमींच दोषामुळें जाते असें नाहीं, हें या रायफलीवरून दिसून येतें.

छाप तीच आणि वस्तु निराळी, याचें ठळक उदाहरण अमेरिकेंतील विंचेस्टरचें आहे. न्यू हेवन येथील या कारखान्यानें १९३६ सालीं "मॉडेल ७०" नांवाची रायफल काढली. माउझरचा लांब आकडा तिनें उचलला, त्याला साधा आणि खात्रीचा चाप जोडला, आणि दस्त्यावरची नक्षी हातानें कोरली. अमेरिकन शिकाऱ्यांनीं तिला डोक्यावर घेतलें. पुढें मजुरीचा खर्च भागेना, म्हणून १९६४ सालीं कंपनीनें तिची रचना बदलली. लांब आकडा गेला, त्याच्या जागीं बोल्टच्या तोंडाशीं लहानसा आकडा आला, आणि कोरलेल्या नक्षीच्या जागीं दाबून उठविलेला ठसा आला. नांव मात्र "मॉडेल ७०" हेंच राहिलें. गिऱ्हाइकें चिडलीं, आणि तेव्हांपासून १९६४ पूर्वींच्या रायफलींना जुन्या बाजारांत जास्त किंमत येऊं लागली. गंमत अशी कीं, नवी रायफल नेमांत कांहीं वाईट नव्हती. पण ती हातांत घेतांच काटकसर जाणवे, आणि तेवढ्यानें विश्वास उडाला. पुढें १९९० नंतरच्या दशकांत कंपनीनें जुना आकडा पुन्हां आणला. २००६ सालीं न्यू हेवनचा कारखाना बंद पडला, आणि कांहीं काळानें तेंच नांव घेऊन दुसऱ्या ठिकाणीं उत्पादन सुरू झालें. म्हणजे "विंचेस्टर मॉडेल ७० कशी आहे?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या सालची, हें विचारल्याशिवाय त्याला उत्तर देतां येत नाहीं.

रेमिंग्टनची हकीकत याहून गंभीर आहे. १८१६ पासून चालत आलेल्या या अमेरिकन कंपनीनें १९६२ सालीं "मॉडेल ७००" बाजारांत आणली. माइक वॉकर या अभियंत्यानें रायफलीचें मुख्य अंग नळकांड्यासारखें गोल ठेवलें होतें. गोल वस्तु लेथवर लवकर आणि स्वस्तांत कांतली जाते, आणि दस्त्यांत सारखी बसविणेंहि सोपें जातें. काडतुसाच्या बुडाभोंवतीं पोलादाचीं तीन कडीं येतील अशी योजना असल्यामुळें ती मजबूतहि होती. अचूकपणांत तिनें आपल्यापेक्षां महागड्या रायफलींना मागें टाकलें, आणि १९६६ सालीं अमेरिकेच्या मरीन दलानें तिच्याच रचनेवरून दूरच्या निशाणाची रायफल तयार करवून घेतली. अचूकपणाच्या परीक्षेंत ही रायफल पहिली आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वाद निघाला तो चापाविषयीं. चाप आणि बार अडवून धरणारा तुकडा यांच्या मध्यें एक सुटी पातळ पट्टी होती. ती प्रत्येक बाराबरोबर जागची हलून पुन्हां जागेवर येई. तिच्या मागें कचरा, गंज किंवा गोठलेलें तेल सांचलें तर ती पुरती जागेवर येत नाहीं, आणि मग चापाला बोट न लागतां बार उडूं शकतो, असें टीकाकारांचें म्हणणें होतें. २००० सालीं मोंटाना राज्यांत शिकारीहून परतलेल्या एका कुटुंबांतला नऊ वर्षांचा मुलगा अशाच एका रायफलीची गोळी लागून दगावला. रायफल रिकामी करण्यासाठीं आईनें सुरक्षेचा खटका सरकविला आणि चाप न ओढतां बार उडाला, असें घरच्यांनीं सांगितलें. कंपनीनें रचनेंतला दोष कधींच मान्य केला नाहीं. तथापि २०१४ सालीं तिनें आपल्या नव्या तऱ्हेच्या चापाच्या रायफली, जोडकामांतला चिकट पदार्थ जास्त झाल्यामुळें बार आपोआप उडण्याचा संभव आहे म्हणून, परत मागविल्या. आणि २०१७ सालीं न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडींत सुमारें ७५ लाख बंदुका येत होत्या, त्यांपैकीं बहुतेकांचे चाप मोफत बदलून देण्याचें तिनें कबूल केलें. २०२० सालीं दिवाळें निघून कंपनीचे तुकडे विकले गेले, आणि न्यूयॉर्क राज्यांतील इलियन गांवचा तिचा जुना कारखाना २०२४ सालीं बंद झाला.

या हकीकतीचा निवाडा मी करीत नाहीं. लाखों लोकांनीं ही रायफल आयुष्यभर बिनधोक वापरली, हेंहि खरें आहे. पण अचूकपणा आणि भरवंसा हे दोन निराळे गुण आहेत, असें मीं आरंभीं म्हटलें, तें केवळ शब्दच्छल नव्हतें, हें आतां आपल्या ध्यानांत आलें असेल. आणि कोणत्याहि कंपनीचा चाप कितीहि उत्तम असो, रायफलीचें तोंड माणसाकडे वळवावयाचें नाहीं, हा नियम त्यामुळेंच पहिला ठरतो. यंत्र केव्हां तरी दगा देईल असें गृहीत धरूनच तो केलेला आहे.

किंमत जास्त तर अचूकपणा जास्त, ही समजूतहि आतां टिकण्यासारखी नाहीं. काडतुसाचें बूड आणि बोल्टचें तोंड यांच्यामधलें अंतर केसाइतकें नेमकें असावें लागतें. पूर्वीं तें जुळविण्यास मुरलेला कारागीर लागे. १९५८ सालीं निघालेल्या अमेरिकन "सॅव्हेज ११०" या रायफलींत नळीवर एक मोठें नट बसविलें होतें. तें फिरवून हें अंतर जुळवावयाचें आणि मग घट्ट आवळावयाचें. एवढ्या एका युक्तीनें स्वस्त रायफल नेमांत महागड्यांच्या पंक्तीला बसली. दिसायला ती ओबडधोबड होती, आणि बोल्टहि खरखरीत चाले. पण गोळी जागेवर जाई.

त्यानंतर फिन्लंडच्या कारखान्यांनीं आणखी मजल मारली. तेथील साको ही कंपनी १९२१ सालापासूनची. तिच्याच रीहिमाकी येथील कारखान्यांतून २००३ सालीं "टिक्का टी ३" ही रायफल निघाली. तिची नळी घडविण्याची पद्धति ऐकण्यासारखी आहे. जाड पोलादी नळींत, खाचांचा उलटा ठसा असलेला अतिकठीण दांडा घालतात आणि बाहेरून यांत्रिक हातोड्यांचे घाव घालतात. पोलाद त्या दांड्यावर दबून बसतें, आणि आंतल्या खाचा एका दमांत, एकसारख्या उमटतात. माणसाच्या हाताचा चढउतार येथें उरतच नाहीं. १०० वारांवर तीन गोळ्या एका इंचांत, ही हमी ती मध्यम किमतींत देते. जुन्या वळणाचे शिकारी तिच्या प्लॅस्टिकच्या पेटीकडे पाहून नाक मुरडतात. लहानमोठ्या सर्व काडतुसांना एकाच लांबीचा सांगाडा वापरल्याबद्दलहि ते कुरकुरतात. परंतु तिच्या कामाविषयीं त्यांची तक्रार फारशी ऐकूं येत नाहीं.

जेथें रायफलीचा खरोखर कस लागतो, असें एक ठिकाण म्हणजे कॅनडाचा उत्तर भाग. तेथें १९४७ सालीं "कॅनेडियन रेंजर्स" हें दल स्थापन झालें. त्यांत इनुइट वगैरे स्थानिक लोक मोठ्या संख्येनें आहेत. बर्फाच्या ओसाड प्रदेशांत गस्त घालणें हें त्यांचें काम, आणि वाटेंत ध्रुवीय अस्वल केव्हां समोर येईल याचा नेम नाहीं. या दलाला .३०३ काडतुसाची ली-एन्फील्ड रायफल देण्यांत आली. दुसऱ्या महायुद्धांत कॅनडाच्याच लाँग ब्रँच येथील कारखान्यांत अशा रायफली लाखांनीं तयार झाल्या होत्या. ली-एन्फील्ड ही कांहीं नाजूक नेमाची रायफल नव्हे. तिचे बोल्ट अडविणारे दांते मागल्या बाजूला, आणि काडतुसाचें घर सैल. पण त्या सैलपणामुळेंच चिखल, वाळू, बर्फ यांना ती दाद देत नसे. रेंजर्सनीं ती सुमारें सत्तर वर्षें वापरली. अखेरीस ती बदलली, तीहि बिघडली म्हणून नव्हे, तर तिचे सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून. तिच्या जागीं निवड झाली ती आतांच उल्लेखिलेल्या टिक्काची. उणें ५१ अंश सेल्सियसपर्यंतच्या थंडींत ती चालली पाहिजे, अशी अट होती. एवढ्या थंडींत साधें तेल मधासारखें घट्ट होतें, आणि काडतुसावर आपटणारी सुई तेलांत रुतून मंद पडते. म्हणून तिकडचे जाणते लोक हिंवाळ्यापूर्वीं बोल्टमधलें तेल पुसून काढतात, किंवा थंडींत न गोठणारें विशेष तेल वापरतात.

याच ली-एन्फील्डचा एक वंश आपल्याकडेहि आहे. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत ती सैन्यासाठीं बनत असे. लष्करी .३०३ काडतूस खासगी लोकांच्या हातीं जाऊं नये, म्हणून परवानाधारकांसाठीं त्याच सांगाड्यावर .३१५ काडतुसाची रायफल काढण्यांत आली. शिकार बंद झाली तरी पीक-संरक्षण आणि स्वसंरक्षण यांच्या परवान्यांवर ती अनेक घरांत राहिली.

टिकाऊपणाविषयीं लोकांचा समज असा कीं, फार बार केल्यानें रायफल झिजते. तें अंशतः खरें आहे. काडतुसाच्या घरापुढचा नळीचा भाग तापलेल्या वायूनें हळूहळू खरवडला जातो. मध्यम शक्तीचें काडतूस असल्यास नळी कांहीं हजार बार सहज टिकते. फार जहाल काडतुसानें तिचें आयुष्य हजार-दीड हजारांवर येतें. पण शिकारी वर्षाकांठीं झाडतो किती? सरावासकट तीस-चाळीस गोळ्या. या हिशेबानें साधी रायफल तीन पिढ्या पुरावी. ती पुरत नाहीं याचें कारण गंज. पूर्वींच्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळींत राही, आणि मिठाप्रमाणें हवेंतला ओलावा ओढून घेई. पावसाळी मुलखांत अशी नळी न धुतां ठेवली, तर दोन दिवसांत तिला आंतून खड्डे पडत. म्हणून जुने लोक ती गरम पाण्यानें धुवून, कोरडी करून, मग तेलाचा बोळा फिरवीत. १९२० नंतरच्या दशकांत न गंजविणाऱ्या टोप्या निघाल्या आणि हा जाच कमी झाला. हवेंतल्या ओलाव्याचा मात्र कायम आहे.

लांकडी दस्त्याचीहि तीच कथा. पावसाळ्यांत आपल्या घरांचीं दारें फुगून चौकटींत अडकतात, हें आपण दरवर्षीं पाहतों. रायफलीचा दस्ता तसाच फुगतो, नळीला एका बाजूनें दाबतो, आणि हंगामापूर्वीं तंतोतंत लावलेला नेम दोन-तीन इंचांनीं सरकतो. प्लॅस्टिकचे आणि तंतुमिश्रित दस्ते प्रचारांत आले ते यामुळें. आक्रोडाच्या लांकडाची शोभा त्यांना नाहीं, पण पाऊस-थंडीचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाहीं.

तेव्हां तुलनेचें सार काय निघालें? भयंकर जनावरापुढें उभें राहावयाचें असेल तर माउझरच्या आकड्याची रचना अजूनहि सर्वांत विश्वासाची. मग तिच्यावर नांव कोणाचेंहि असो. दूरच्या निशाणावर बारीक नेम हवा असेल, तर गोल सांगाड्याच्या रायफली वरचढ. थोड्या पैशांत नेम आणि भरवंसा दोन्ही हवे असतील, तर फिन्लंडची टिक्का. आणि हात फारच आंखडता असेल तर सॅव्हेज. चिखल-बर्फांत पडून राहणारी रायफल हवी तर सैल घराची जुनी लष्करी चालते. पण तिचे सुटे भाग मिळतात कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

आणि घेतांना करावयाच्या परीक्षा कोणत्या, तेंहि सांगतों. रायफल रिकामी असल्याची स्वतःच्या डोळ्यांनीं खात्री करून बोल्ट काढावा आणि नळींतून उजेडाकडे पाहावें; खड्डे असतील तर नांव कितीहि मोठें असो, ती परत द्यावी. बोल्ट पुन्हां बसवून, खटका मागें-पुढें करून आणि दस्ता तळहातानें ठोकून, चाप आपोआप सुटत नाहीं ना, हें वारंवार तपासावें. ती कोणत्या सालीं आणि कोणत्या कारखान्यांत झाली, हें विचारावें. शेवटीं, जें काडतूस आपण वापरणार त्याच्याच दहा गोळ्या झाडून पाहाव्या. कारण एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांनाहि एकच काडतूस सारखें मानवतें असें नाहीं.

या चार परीक्षांपैकीं एकहि छापेच्या नांवावरून होत नाहीं. नांव हें पूर्वजांच्या कीर्तिसारखें आहे. त्यानें ओळख होते, प्रवेश मिळतो. पण परीक्षेला ज्याचें त्यालाच बसावें लागतें. घड्याळ चुकलें तर आगगाडी चुकते, पंप बिघडला तर बागाईत सुकते. येथें चुकीची किंमत एखाद्या जनावराच्या वेदनेनें, आणि कधीं माणसाच्या प्राणानें, मोजली जाते. म्हणून विकत घेणाऱ्यानें दुकानदाराला नांव विचारावें, पण तें ऐकून झाल्यावर वस्तु उजेडांत नेऊन स्वतः पाहावी, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.